बीजांडकोशातील वाढघटक पेशींचे काम कसे नियंत्रित करतात?
मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीची एफएसएच (पुटिका वाढवणारे) आणि एलएच (अंडमोचन घडवणारे) ही संप्रेरके असताना वाढघटक, म्हणजे शेजारच्या पेशींना वाढीचा संदेश देणारी प्रथिने, कशाला लागतात, याचे उत्तर पुटिकेतच, म्हणजे अंडपेशी जिच्यात वाढते त्या बीजांडकोशातील पिशवीतच आहे. अंडपेशी स्वतः जीडीएफ-९ आणि बीएमपी-१५ हे वाढघटक स्रवून भोवतालच्या कणपेशींची वाढ घडवते, म्हणजेच आपल्या पोषणाची व्यवस्था तीच लावून घेते, आणि मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. आयजीएफ-१ या वाढघटकामुळे कणपेशी एफएसएचला अधिक प्रतिसाद देतात. एलएचची लाट आली की कणपेशींतून अँफिरेग्युलिन हे प्रथिन सुटते, ते ईजीएफ या वाढघटकाच्या ग्राहींना (पेशीवरील संदेश घेणाऱ्या प्रथिनांना) जोडले जाते, अंडपेशीभोवतीचा पेशीपुंज चिकट द्रव्याने फुगतो आणि अंडपेशीचे थांबलेले अर्धसूत्री विभाजन (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे विभाजन) पुन्हा सुरू होते. दादर-परळच्या प्रयोगशाळांत वंध्यत्वाच्या तपासणीसाठी रक्तातले जे एएमएच (अँटी-म्युलेरियन संप्रेरक) मोजतात, तेही जीडीएफ-९ च्याच टीजीएफ-बीटा या प्रथिनकुळातले असून सुप्त पुटिकांच्या जागे होण्याला आवर घालते.