डिकोडरच्या बारीक वायर सोल्डर करताना गोळा होतो, काय करू?

तुम्ही लिहिलंय की एचओ (१:८७ मापाच्या मॉडेल रेल्वेच्या) इंजिनात डीसीसी डिकोडर, म्हणजे रुळांतून येणारे डिजिटल आदेश ओळखून इंजिन चालवणारा छोटा सर्किट बोर्ड, बसवताना वायरच्या जोडावर सोल्डरचा गोळा होतो, वायरचं प्लास्टिक वितळून मागे सरकतं आणि शेवटी इंजिनाची बॉडीच बसत नाही.

गोळ्याचं मूळ बहुतेक वेळा पिळात असतं. घरच्या वायरिंगच्या सवयीने आपण दोन टोकं एकमेकांभोवती गुंडाळतो. तिथेच जाडी वाढते, आणि पिळाच्या फटी सोल्डरही जास्त पितात. इंजिनाच्या आत वायरला कोणी ओढायला जात नाही, तेव्हा टोकं नुसती शेजारी-शेजारी टेकवून जोडलेली पुरतात.

टोकं तीन-चार मिलिमीटर सोला आणि श्रिंक ट्यूब (तापवल्यावर आकसून जोड झाकणारी नळी) आधीच वायरवर चढवून लांब सरकवून ठेवा. जवळ राहिली तर नको तिथे आकसते. सुट्या तारा बोटाने वळून एकत्र करा, रोझिन फ्लक्सचा (सोल्डर नीट पसरवणाऱ्या राळेचा) ठिपका लावा आणि बिटवर, म्हणजे आयर्नच्या टोकावर, जेमतेम सोल्डर घेऊन टोकावरून फिरवा. तांबं रुपेरी झालं पण आतल्या तारांचे पदर अजून ओळखू येतायत, तर प्रमाण बरोबर. दुसरं टोकही तसंच. मग दोन्ही लगत धरून बिट टेकवायची, नवीन सोल्डर द्यायचं नाही. सेकंदभरात दोन्हींवरचं सोल्डर एक होतं. गार होईपर्यंत मात्र हात हलता कामा नये. हलला तर जोड मळकट, दाणेदार दिसतो. फ्लक्स लावून पुन्हा वितळवा. धरायला कपड्यांचे लाकडी चिमटे घ्या, पुठ्ठ्यावर चिकटवून. क्रोकोडाइल क्लिपचे दात प्लास्टिकमध्ये रुततात, शिवाय तो धातू उष्णता खेचून घेतो.

प्लास्टिक वितळतं म्हणून लोक आयर्न थंड ठेवतात, आणि तिथेच फसतात. थंड किंवा काळी पडलेली बिट जास्त वेळ टेकवावी लागते आणि तेवढ्यात उष्णता तांब्यातून मागे पोचते. साधं २५ वॅटचं आयर्न चालेल, पण बिट बारीक आणि चकचकीत हवी. तापमान ठरवता येत असेल तर ३३० ते ३५० अंश. सोल्डर अर्ध्या मिलिमीटरचं, ६३/३७ (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) मिळालं तर उत्तम. ते १८३ अंशांना एकदम वितळतं आणि एकदम घट्ट होतं, मधली लगद्यासारखी अवस्था नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचारा. पत्र्याच्या डाखकामाचं आम्लाचं फ्लक्स मात्र घेऊ नका, ते बारीक तारा खातं.

आणखी एक, जे कुणी सांगत नाही: सगळे जोड एका रेषेत घेऊ नका. एक पुढे, एक मागे असे ठेवले की जुडगा जाड होत नाही. बॉडी न बसण्याचं निम्मं कारण हेच असतं.

लाल-काळी वायर रुळांकडून येते, केशरी-करडी मोटरला जाते, निळी दिव्यांची कॉमन पॉझिटिव्ह, पांढरी पुढचा दिवा, पिवळी मागचा. जुन्या इंजिनात मोटरचा एक ब्रश (मोटरला वीज पोचवणारा तुकडा) थेट चासीला, म्हणजे इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला, टेकलेला असू शकतो. केशरी-करडी जोडण्याआधी तो सुटा झालाय का हे मल्टिमीटरने बघाच, नाहीतर डिकोडर जळेल.

सगळं झालं की इंजिन आधी प्रोग्रामिंग ट्रॅकवर (डिकोडरची सेटिंग्ज वाचायच्या-बदलायच्या वेगळ्या रुळावर) ठेवून त्याचा पत्ता, म्हणजे डिकोडरचा क्रमांक, वाचून बघा. तिथे करंट मर्यादित असतो, त्यामुळे कुठे शॉर्ट राहिलाच असेल तरी डिकोडर वाचण्याची शक्यता जास्त.