मुरमाड जमिनीत परसात खणलेल्या 10 × 6 फुटी, 2 फूट खोल तळ्यातले पाणी दोन दिवसांत जिरते. सिमेंट करावे की प्लास्टिक?

प्लास्टिक अंथरा, आणि तेही शेततळ्याला वापरतात ते 500 मायक्रॉनचे. घरी पडलेली ताडपत्री नको, ती उन्हाने लवकर चिरते. मुरूम पाणी धरतच नाही. सिमेंटचा नुसता गिलावा केला तर खालची माती थोडी जरी बसली तरी त्याला तडे जातात, आणि तडा नेमका कुठे आहे हे शोधणे म्हणजे डोकेदुखी.

कागद मोजताना लांबी आणि रुंदी, दोन्हींत खोलीची दुप्पट आणि कडेसाठी 2 फूट मिळवा. म्हणजे तुमच्या तळ्याला 16 × 12 फुटांचा अखंड तुकडा लागेल. सांधा टाळाच, घरी चिकटवलेला सांधा बहुधा गळतो. आधी टोकदार खडे आणि मुळ्या वेचून काढा, 2 इंच वाळू किंवा जुनी पोती पसरा, भिंती उतरत्या ठेवा. पाणी थोडे भरल्यावर कागद आपोआप बसतो. कडा त्यानंतरच मातीत गाडा, आधी नाही.

मात्र पावसाळ्यात तुमच्याकडे भूजल अगदी वर येत असेल (कोकणात अनेक ठिकाणी येते), तर रिकाम्या तळ्यातला कागद खालच्या पाण्याने फुगून वर उचलला जातो, म्हणून तेव्हा तळे भरलेले ठेवा. आणि उन्हाळ्यात पातळी रोज सेंटीमीटरभर उतरली तर लगेच गळती समजू नका. शेजारी उन्हात भरलेली बादली ठेवा. तिच्यातही तेवढेच उतरले तर ते बाष्पीभवन.