इंजिन डीआयचं, आरसी प्यूजोची

केळापूर तालुक्यातल्या एका शेतकरी वाचकाचं पत्र आलं आहे. त्यातला मजकूर थोडक्यात असा:

वडिलांनी 1994 मध्ये महिंद्राची एमएम 540 जीप घेतली, एमएच 29 पासिंगची. पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी ते आरसीचं (नोंदणी प्रमाणपत्राचं) नूतनीकरण करून आणायचे. 2023 मध्ये ते वारले, गाडी त्यांच्याच नावावर राहिली आणि 2024 मध्ये आरसीची मुदत संपली. गाडीचं मूळ प्यूजो इंजिन धूर मारायचं आणि ऑइल प्यायचं. म्हणून मी आणि भाच्यानं गोठ्याच्या आढ्याला चेन कप्पी बांधून ते उतरवलं आणि नागपूरहून कबाड्याकडून आणलेलं महिंद्राचंच डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिन बसवलं. लोखंडी टप (छप्पर) कापून कापडी हूड केला, पुढे जाड पाइपाचं गार्ड वेल्ड केलं. करंजीजवळ आरटीओच्या वायुवेग पथकानं अडवलं, इंजिन नंबर जुळला नाही, गाडी अडकवून ठेवली. इन्शुरन्स आणि पीयूसी दोन्ही संपलेले होते. मिस्त्री म्हणतो, "भाऊ, जुनाच नंबर ठोकून देतो ना नव्या ब्लॉकवर, दोन हजारात. कोनाले समजते?" गाडी गेली असं समजायचं का? व्हिंटेजमध्ये बसेल का? चुलतभाऊ लग्नसराईत भाड्यानं लावतो म्हणतो, ते जमेल का? जुनं इंजिन अजून गोठ्यातच ताडपत्रीखाली पडून आहे.

भाऊ, तुम्ही सगळ्यात महत्त्वाचं वाक्य सगळ्यात शेवटी लिहिलंत. जुनं इंजिन ताडपत्रीखाली आहे म्हणजे तुमची केस अजून हातात आहे. ते इंजिन भंगारात किलोवर विकू नका, आणि त्याचा कुठला भागही कोणाला देऊ नका.

आधी मनातली एक भीती काढून टाका. स्वतःची गाडी स्वतःच्या गोठ्यात दुरुस्त करणं हा गुन्हा नाही. पाना कोणाच्या हातात होता हे कायदा विचारत नाही. क्लच प्लेट बदला, कमानीचे पाटे बदला, किंग पिन बदला, गंजून चाळण झालेल्या फ्लोअरला पत्र्याचं ठिगळ मारा, ही सगळी दुरुस्ती आहे. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 बोलतं ते फेरबदलाबद्दल. कंपनीनं ठरवलेल्या ज्या गोष्टी आरसीवर लिहिल्या आहेत, त्यांच्याशी विसंगत होईल असा बदल मालकानं करायचा नाही. फेरबदलाची व्याख्याही तिथेच आहे: गाडीच्या मूळ वैशिष्ट्यात फरक पडेल असा रचनेतला बदल. 9 जानेवारी 2019 च्या के. जयचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच कडक शब्दांत सांगितलं आणि केरळ उच्च न्यायालयाचा सैल अर्थ रद्द केला.

म्हणून आरसी समोर ठेवा आणि गाडीशेजारी उभे राहून एकेक रकाना वाचा. घनक्षमता 2112 लिहिली असेल, ती प्यूजोची. डीआय इंजिन 2523 सीसीचं. सिलिंडर दोन्हीकडे चार असले आणि डिझेल तेच असलं, तरी नंबर वेगळा आणि क्षमता वेगळी. एकाच कंपनीचं इंजिन आहे हा युक्तिवाद सुचला असेल, पण 'त्याच मेकचं' एवढ्यानं भागत नाही, प्रकारही तोच लागतो, आणि त्यालाही आधी परवानगी लागते. चौदा दिवसांत कळवण्याची तरतूद कलमात आहे खरी, पण ती कायद्यात बसणाऱ्या बदलासाठी आहे. डीआय इंजिन आरसीवर चढवून मिळेल या आशेवर परिवहन कार्यालयाच्या चकरा मारू नका.

खरी काळजी मला वेगळ्याच गोष्टीची वाटते. हे डीआय इंजिन आलं कुठून? कबाड्यानं तुम्हाला बिल दिलेलं नाही, वहीचं पान फाडून आकडा लिहून दिला आहे. उद्या ते इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं, तर मामला मोटार वाहन कायद्यात राहत नाही. चोरीचा माल जवळ बाळगल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम 317 लागतं. तिथं प्रश्न हाच असतो की माल चोरीचा आहे हे तुम्हाला ठाऊक होतं का, किंवा ठाऊक असायला हवं होतं का. म्हणून ती चिठ्ठी जपून ठेवा. पैसे फोनवरून दिले असतील तर त्याची नोंद काढून ठेवा. कबाड्याला गाठून रीतसर पावती आणि ज्या गाडीचं इंजिन होतं तिच्या कागदांची प्रत मागा. तो टाळाटाळ करू लागला तर तेही लेखी विचारल्याचा पुरावा राहू द्या.

आता मिस्त्रीचं 'दोन हजारात'. हे केलंत तर मला फोनसुद्धा करू नका, इतकं स्पष्ट सांगतो. आज तुमच्याकडे दंड भरून मिटणारी चूक आहे. ब्लॉकवर जुना नंबर ठोकलात की ते बनावटीकरण झालं, आणि इंजिन चोरीचं असेल तर ते लपवल्याचा पुरावा तुम्ही स्वतःच तयार केला. शिवाय पथकानं सध्याचा नंबर पंचनाम्यात लिहून घेतलेला आहे. पुढच्या वेळी त्याच ब्लॉकवर दुसरा नंबर दिसला, तर कोनाले समजते? सगळ्यांनाच समजते!

तेव्हा मार्ग हा. प्यूजो परत बसवा. बोअर करून घ्या, लायनर-पिस्टन नवे टाका, नोझल आणि पंप कॅलिब्रेट करा. यवतमाळ, वणीकडे हे काम हातखंडा असलेले लेथवाले अजून आहेत. इंजिनच्या आतलं काम ही दुरुस्तीच आहे, ब्लॉक आणि त्यावरचा नंबर तोच राहतो. प्रत्येक कामाचं बिल घ्या. डीआयइतकी ओढ मिळणार नाही, खरंय. पण काळ्या मातीत पावसाळ्यात रुतलेली गाडी बाहेर काढते ती फोर बाय फोर आणि लो गिअर, आणि ते तुमच्याकडे पहिल्यापासून आहे.

बाकीच्या बदलांत टप आणि गार्ड हे दोन मुद्दे आहेत. आरसीवर बॉडीच्या रकान्यात हार्ड टॉप असेल तर कापडी हूड विसंगत ठरेल. तिथं सॉफ्ट टॉप असेल तर वडिलांनीच नंतर टप चढवला असेल, मग तुम्ही गाडी मूळ रूपात आणलीत असं सांगता येईल. आधी तो रकाना बघा. गार्ड मात्र काढाच. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं 7 डिसेंबर 2017 च्या पत्रानं राज्यांना कलम 52 चा हवाला देऊन अशा गार्डवर, म्हणजे बुल बारवर, कारवाई करायला सांगितलं आहे. टायर कंपनीच्या मापाचेच ठेवा. मागे समोरासमोर जास्तीची बाकं टाकली असतील तर आसनसंख्या जुळवा. सीट कव्हर आणि टेपला कोणी हात लावत नाही.

दंडाचा अंदाज हवा असेल. कलम 182अ (4) खाली प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. इंजिन, टप, गार्ड असे तीन मोजले तर 15,000. मुदत संपलेल्या आरसीला पहिल्या वेळी 2,000 ते 5,000, विमा नसल्याबद्दल 2,000, आणि पीयूसीसाठी कमाल 10,000. कैदेचा शब्द वाचून घरच्यांना घाबरवू नका. कलम 200 खाली यातले गुन्हे तडजोड शुल्क भरून मिटवता येतात आणि बहुतेक प्रकरणं तिथंच संपतात. पथकासमोर तुम्ही म्हणालात की गाडी शेतातच चालवतो. हा बचाव पुन्हा करू नका. कलम 39 मध्ये सार्वजनिक जागा 'किंवा इतर कोणतीही जागा' असे शब्द आहेत, त्यामुळे नोंदणी नसलेली गाडी बांधावरही चालत नाही. आणि करंजीचा रस्ता काही तुमच्या सातबाऱ्यावर नाही.

विम्याचं मात्र गंभीरपणे घ्या. त्या दिवशी एखादा दुचाकीवाला धडकला असता, तर मोटार अपघात न्यायाधिकरणानं ठरवलेली भरपाई तुमच्या शेतीवर आली असती. गाडी परत मिळाली तरी विमा चालू होईपर्यंत किल्ली आईकडे द्या. भाच्याकडे नको.

गाडी सोडवण्यासाठी आधी कोणत्या कागदावर ती अडकवली ते बघा. कलम 207 लिहिलं असेल तर परिवहन कार्यालयातच अर्ज करा. सोबत हमीपत्र द्या की गाडी रस्त्यावर न चालवता टोचन करून घरी नेतो, मूळ इंजिन बसवतो आणि तपासणीला हजर करतो. पोलिसांनी संशयावरून जप्त केली असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 खाली प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे सुपूर्दनाम्याचा, म्हणजे गाडी ताब्यात मिळण्याचा, अर्ज करावा लागेल. गाड्या ठाण्याच्या आवारात सडत ठेवू नयेत असं सर्वोच्च न्यायालयानं 2002 च्या सुंदरभाई देसाई प्रकरणात सांगितलेलं आहे, तो निकाल अर्जाला लावा. उशीर केलात तर बॅटरी, डायनामो आणि स्टेपनी यांची खात्री मी देत नाही.

मग नाव. मालक वारल्यावर वारसानं तीस दिवसांत कार्यालयाला कळवायचं आणि तीन महिन्यांत नमुना 31 मध्ये अर्ज करायचा असतो. दोन्ही मुदती गेल्या. हक्क त्यामुळे जात नाही, खर्च वाढतो. मृत्यूचा दाखला, तुमचं प्रतिज्ञापत्र, आणि आई व बहिणीचं संमतीपत्र तयार करा. बहीण सासरी आहे म्हणून तिची सही 'नंतर बघू' असं बहुतेक घरांत होतं, आणि फाइल तिथंच अडते. सोबत नूतनीकरण. वीस वर्षांवरच्या हलक्या मोटारीला 2025 च्या बदलानंतर 10,000 रुपये शुल्क आहे, उशिराचे महिन्याला 500 वेगळे, शिवाय पर्यावरण कर आणि नवी सुरक्षा नंबरप्लेट.

व्हिंटेजसाठी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं लागतात, म्हणजे 2044. शिवाय तिथं मूळ इंजिन-चेसीत बदल चालत नाही, आणि नोंदणी झाली तरी गाडी रोज शेतात न्यायला मुभा नाही. चुलतभावाला नाही म्हणा. खासगी पासिंगची गाडी भाड्यानं लावणं हा परवान्याविना वाहतुकीचा वेगळा गुन्हा आहे.

एक शेवटची गोष्ट, कारण याच चुकीनं माझ्या एका अशिलाची जिप्सी वर्षभर उभी राहिली. तपासणीआधी चेसी नंबर स्वच्छ दिसावा म्हणून त्याच्या पुतण्यानं ग्राइंडर फिरवला. गंजाबरोबर दोन आकडेही गेले, आणि मग ते मुद्दाम घासले नाहीत हे सिद्ध करण्यात आमचे बारा महिने गेले. तुम्ही डिझेलात भिजवलेलं फडकं रात्रभर नंबरावर ठेवा, सकाळी दातांच्या जुन्या ब्रशनं हलकेच घासा. वर पातळ कागद धरून पेन्सिलीचं शिस आडवं फिरवलं की आकडे उमटतात. चेसीचा एक आणि ताडपत्रीखालच्या प्यूजो ब्लॉकचा एक, असे दोन्ही पेन्सिल प्रिंट, मूळ आरसी आणि कबाड्याची चिठ्ठी घेऊन तुमच्या तालुक्याच्या वकिलाकडे जा. गाडी कुठल्या आवारात आणि कुठल्या कलमाखाली उभी आहे तो कागद सगळ्यात वर ठेवा.