शब्दचर्चा : गाठ औषधाला 'सरावते' का?

एका वाचकाचा प्रश्न आहे : कर्करोगाविषयी लिहिताना 'ड्रग रेझिस्टन्स'ला, म्हणजे रोगट पेशींवर औषध न चालण्याला, 'औषध-प्रतिकारशक्ती' म्हणावे का? आणि 'औषधाला सरावलेली गाठ वेगाने वाढते' हे वाक्य चालेल का?

'प्रतिकारशक्ती' कृपया नको. शरीराच्या बाजूने लढणारी ताकद या अर्थाने तो शब्द मराठीत पक्का रुळला आहे. 'प्रतिकारशक्ती वाढली' असे वाचून रुग्णाच्या घरच्यांना हायसे वाटेल. वाढलेली असेल ती मात्र रोगट पेशींची. 'औषधरोध' नेमका आहे. जलरोधक, अग्निरोधक, तशा औषधरोधक पेशी. पी-ग्लायकोप्रोटीन हे 1976मध्ये ज्युलियानो आणि लिंग या संशोधकांनी वर्णन केलेले प्रथिन तर पेशीत शिरलेले औषध उपसून बाहेर टाकते. क्रियापद हवे असेल तर 'दाद न देणे'. घराघरांत बोलले जाणारे 'औषधाला दाद देत नाही' इथे चपखल बसते.

'सरावणे' मात्र फसवे आहे. सराव ज्याला होतो तो तोच राहतो, फक्त बदललेला. गाठीत बहुधा वेगळे घडते. औषध सुरू होण्याआधीच थोड्या पेशींत एखादा जनुकीय बदल झालेला असतो; बाकीच्या मरतात, या उरतात आणि पुढची सगळी प्रजा त्यांची. काही पेशी औषधाच्या माऱ्यात आपल्या जनुकांचे कामकाज बदलून तगतात हेही खरे, तिथे 'सरावल्या' म्हणता येईल. पण सरसकट नाही.

राहिले 'वेगाने'. माझा खरा आक्षेप या शब्दावर आहे, कारण रोध आणि वाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केमोथेरपीची बरीच औषधे विभाजन होत असलेल्या पेशींना गाठतात, म्हणून संथ किंवा निद्रिस्त पेशी वाचतात. त्यांना मी 'औषधरोधक' न म्हणता 'चिवट' म्हणेन. त्या जाग्या होऊन विभागू लागल्या की तेच औषध त्यांना पुन्हा लागू पडू शकते. शिवाय रोधाची किंमत मोजावी लागते. औषध उपसायला ऊर्जा खर्च होते, त्यामुळे औषध नसताना अशा पेशी कधी कधी इतरांच्या मागे पडतात.

तेव्हा वाक्य असे करावे : 'औषधाला दाद न देणाऱ्या पेशी उरल्या आणि त्यांच्यापासून गाठ पुन्हा वाढली.'