बाबांचा डायपर, मे महिना आणि एकावर एक दोन लावण्याची चूक

ताई, तुमचा प्रश्न वाचला. बाबा 74 वर्षांचे, डावी बाजू लुळी पडून चौदा महिने झाले, घर अकोल्यात आणि तेही वरच्या मजल्यावर. एप्रिल लागल्यापासून जांघेत लाल झालंय, रात्री गादी भिजते. म्हणून तुम्ही एक साईज मोठा डायपर आणलात, तरी गळला, तेव्हा रात्री दोन डायपर एकावर एक लावायला लागलात. आणि बाबांनी संध्याकाळी पाचनंतर पाणीच सोडलंय. या सगळ्यात मला शेवटच्या वाक्याची धास्ती वाटली. त्याच्याकडे येतोच.

मी डॉक्टर नाही, हे आधी सांगतो. एसटीत कंडक्टर होतो, आता निवृत्त, मुक्काम अमरावती. आईला शेवटची तीन वर्षं डायपर होते आणि ते लावायचं काम माझ्याकडे होतं. ती गेल्यावर दोन वर्षांनी माझंच प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं आणि थेंब थेंब गळणं माझ्या वाट्याला आलं. खोकलो तरी गळतं, बसची पायरी चढलो तरी गळतं. त्यामुळे लावणारा आणि लावून घेणारा अशा दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत.

आधी एक काम करा. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या (नंतर नवा आणा, घरातले ओरडतील) आणि दोन दिवस प्रत्येक डायपर काढल्यावर पिशवीत घालून त्याचं वजन वेळेसकट लिहून ठेवा. कोरड्याचं वजन वजा केलं की उरलेला एक ग्रॅम म्हणजे जवळजवळ एक मिली. आईचा कोरडा डायपर 110 ग्रॅम भरायचा. मे महिन्यात सकाळी दहाला लावलेला दुपारी दोनला काढला तर 240, आणि रात्री नऊचा पहाटे पाचला काढलेला 850. मी वहीकडे बघतच राहिलो. दिवसभर आम्ही तिला रात्रीइतकाच जाड, सगळ्यात महाग डायपर घालून उकडत ठेवत होतो, आणि त्यात पडत होतं जेमतेम पेलाभर.

कारण सरळ आहे. उन्हाळ्यात दिवसा शरीरातलं पाणी घामावाटे जातं, लघवी कमी होते. रात्री कूलरच्या गारव्यात घाम थांबतो. शिवाय दिवसभर खुर्चीत बसून पायांवर सूज उतरलेली असेल, तर आडवं झाल्यावर ते पाणी पुन्हा रक्तात येतं आणि लघवी होऊन बाहेर पडतं. म्हणून दिवसाचा डायपर वेगळा आणि रात्रीचा वेगळा ठेवा. दिवसा हलका, बाहेरून कापडासारखा लागणारा घ्या. बाहेरून प्लास्टिकसारखा चुरचुर वाजणारा उन्हाळ्यात घेऊच नका, तो पाठीला चिकटतो आणि आत वाफ धरतो. दुपारी बाबांना झोपवून दोन तास पायांखाली उशी दिलीत तर पायातलं थोडं पाणी दिवसाच निघून जाईल. आईच्या पहाटेच्या डायपरमध्ये त्याने फरक पडला होता. बाबांना हृदयाचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. लघवीची गोळी चालू असेल तर ती सकाळी घेता येईल का, हेही त्यांनाच विचारा. आमच्याकडे ती रात्रीच्या डबीत पडत होती, कोणी सांगितलंच नव्हतं.

आता दोन डायपरचं. आतल्या डायपरच्या पाठीला पाणी न झिरपणारा थर असतो. तो भरला की पाणी बाहेरच्यात जायला वाटच नाही, ते मांडीच्या कडेनेच निघतं. म्हणजे बाहेरचा डायपर कोराच राहतो, बाबा भाजून निघतात, गादी भिजायची ती भिजतेच. जास्त शोषण हवं असेल तर आत ठेवायचे पातळ पॅड मिळतात, ज्यांच्या पाठीला प्लास्टिक नसतं. सर्जिकलच्या दुकानात ‘बूस्टर’ किंवा ‘इन्सर्ट’ म्हणून मागा. ते भरले की खाली झिरपू देतात. रात्री तेवढा एक पुरतो. आणि पाकिटावर छापलेल्या मिलीच्या आकड्यावर जाऊ नका. तशी मोजणी बहुतेक अख्खा डायपर बुडवून, कोणी वर न बसता केलेली असते. अंगाखाली दाबल्यावर तेवढं मावत नाही.

मोठ्या साईजचंही तेच. मांडीपाशी फट पडली की कितीही शोषणारा घ्या, पाणी फटीतूनच जाणार. कंबर आणि नितंबांचा घेर टेपने मोजा, जो मोठा येईल तो धरा, आणि त्या कंपनीच्या तक्त्यात बघा. एका कंपनीचा एल दुसरीच्या एमएवढा असू शकतो. वजनावरून अंदाज बांधू नका. लकव्यानंतर मांड्या बारीक होतात आणि पोट तेवढंच राहतं, तिथे फसगत होते.

लावायची पद्धत मी एका नर्सबाईंकडून शिकलो, तशीच सांगतो. डायपर उघडून आधी लांबीत दुमडायचा, पन्हळीसारखा. त्याने मध्ये खोलगट होतो आणि आतल्या दोन्ही उभ्या झालरी वर येतात. या झालरीच गळती अडवतात, आणि बहुतेक घरांत त्या आत मुडपून पडलेल्या असतात. बाबांना कुशीवर वळवून मागून सरकवा, सरळ करा, पुढचा भाग वर घ्या. पुरुषाचं इंद्रिय खालच्या दिशेला ठेवा. वर किंवा बाजूला राहिलं तर पहिली धारच कमरेतून बाहेर. मग खालच्या पट्ट्या आधी, जरा वरच्या दिशेने तिरप्या. नंतर वरच्या पट्ट्या, जरा खाली तिरप्या. शेवटी मांडीच्या कडेने आतून एक बोट गोल फिरवा आणि मुडपलेली झालर बाहेर काढा. कमरेत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. तुम्ही लिहिलंय की गादी नेहमी भिंतीकडच्या बाजूलाच भिजते. बाबा रात्रभर त्याच कुशीवर असतात ना? मग त्या बाजूची झालर झोपवल्यावर, म्हणजे कुशीवर वळवून झाल्यावर, पुन्हा एकदा बोट फिरवून बघा. वळवताना ती दाबली जाते. आमची निम्मी गळती एवढ्याने थांबली. (आणि रात्रभर एकच कूस नको, जखमा होतात, हे तुम्हाला सांगितलं असेलच.)

पट्ट्या सुटतात त्याला घाम आणि पावडर जबाबदार. तुम्ही पावडर टाकून त्याच हाताने पट्टी ओढता, गोंद मेला. पावडर तशीही बंदच करा. घामात तिचा चिखल होतो आणि जांघेत घासतो. खोबरेल तेलही नको, त्याने पट्टी धरत नाही आणि जाड थर असेल तर डायपर शोषतही नाही. साध्या कोमट पाण्याने धुवायचं, डेटॉल-सॅव्हलॉन काही घालायचं नाही, जुन्या सुती धोतराच्या तुकड्याने टिपायचं. पुसायचं नाही, टिपायचं. मग पंख्याखाली पाच मिनिटं तसंच. त्यावर झिंक ऑक्साइडच्या क्रीमचा इतका पातळ हात की खालची कातडी दिसली पाहिजे. हात धुवून मगच पट्टी.

जांघेतला लाल चट्टा मोठा, आणि त्याच्या कडेला सुटे बारीक लाल ठिपके असतील, खाज असेल, तर बहुधा बुरशी आहे. ती नुसत्या झिंकने जात नाही. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. मेडिकलवाला जी चार औषधं एकत्र असलेली ट्यूब पुढे करतो तिच्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं आणि मग बुरशी दुपटीने पसरते. आईच्या बाबतीत हा शहाणपणा मी स्वतः केलाय, दीड महिना निस्तरत होतो.

दिवसातून दोनदा तासभर डायपर काढून ठेवाच. खाली मेणकापड, त्यावर अंडरपॅड, त्यावर जुनी सुती साडी चौपदरी. मेणकापडावर थेट झोपवलं तर पाठ घामाने सडते. बाबांना कळतं आणि सांगता येतं, असं तुम्ही लिहिलंय, तर त्या तासात युरिन पॉट हाताशी द्या. जागेपणी पॉट आणि झोपताना डायपर इतकं जमलं तरी कातडीला श्वास मिळेल. कंडोम कॅथेटरचाही पर्याय आहे, तो कंडोमसारखा इंद्रियावर चढवतात, लघवी नळीवाटे पिशवीत जाते आणि अंग कोरडं राहतं. पण तो मापाचा नसला तर निसटतो किंवा घट्ट बसून इजा करतो. पहिल्यांदा नर्सकडून लावून घ्या.

आई तर नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, अंगणातल्या बाजेवर डायपरशिवाय झोपायची, खाली नुसती गोधडी. रोज सकाळी गोधडी धुवायची, ऊन इतकं की तासाभरात वाळायची. तुमच्या वरच्या मजल्यावर हे जमणार नाही, माहीत आहे. तिथे कूलर पायांकडून लावा आणि वर लुंगी असू द्या, नायलॉनची हाफ पँट नको. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की कूलरचं पाणी बंद करून नुसता पंखा चालवा. तेव्हा कूलर खोलीत दमटपणाच भरतो आणि गेलेलं पुरळ परत येतं. एक राहिलं. आईच्या परकराची नाडी डायपरच्या वरच्या कडेवर बसायची, ती कड मुडपून पाणी वर चढायचं. कारण सापडायला सहा महिने गेले. लुंगीची गाठही तिथे येणार नाही असं बघा.

बदलायचं कधी? उन्हाळ्यात दिवसा तीन-चार तासांनी, कमी भरला असला तरी, कारण आत घामाचं पाणी असतंच. शी झाली तर त्याच मिनिटाला. वापरलेला डायपर: शी संडासात टाकून, गुंडाळून, त्याच्याच पट्ट्यांनी बंद करून, कागदात. पुण्याला मुलीकडे पाहिलं, तिथे कागदावर लाल ठिपका काढून देतात, म्हणजे कचरा वेचणाऱ्या बाईंना न उघडता कळतं. मी इथेही तेच करतो. नवीन पाकीट पत्र्याखालच्या माळ्यावर तापत ठेवू नका.

आता पाणी. बाबा पाणी सोडतायत ते तुमची रात्रीची धावपळ बघून. मी पण सोडलं होतं. लग्नाला नागपूरला निघालो, सकाळपासून घोटभर घेतलं नाही, कोंढाळीपर्यंत डोकं ठणकायला लागलं आणि गळायचं ते गळलंच, तेही असं पिवळंजर्द की वास मलाच आला. रेक्झिनच्या सीटवर पंचा अंथरला होता म्हणून लाज राखली. कमी प्यायलं की लघवी घट्ट होते, मूत्राशयाला टोचते, उलट वारंवार येते. वास वाढतो, कातडी जळते, इन्फेक्शन होतं, शी कडक होते. आणि 45 अंशांत त्या वयाच्या माणसाला तहान लागल्याचं कळतही नाही, उष्माघात लांब नसतो. किती प्यायचं ते डॉक्टरांनी ठरवलेलं असेल तर तेवढंच, पण त्यातलं बहुतेक पहाटेपासून दुपारी चारपर्यंत द्या. संध्याकाळचा चहा कमी करा, पाणी तोडू नका. रात्री तहान लागली तर घोट-घोट द्यायचंच. ताप आला, थंडी वाजली, लघवी गढूळ झाली किंवा माणूस अचानक बरळायला लागला तर डायपरचा विचार सोडून थेट दवाखाना.

बाबांशी बोलताना ‘गादी भिजली’ हे त्यांच्यासमोर म्हणू नका. माझी बायको ‘बदलून घेऊ’ एवढंच म्हणते.

कमरेचा आणि नितंबांचा घेर, आणि दोन दिवसांची वजनं इथे टाका. रात्रीचा कोणता लागेल ते आकडे बघून सांगतो.