बिअर्डेड ड्रॅगनचं (पाळीव सरड्याचं) पिल्लू: सुरुवातीला एवढंच सांभाळा

सगळ्यात आधी यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण. बंद खिडकीतून येणारं ऊन कामाचं नाही, काच यूव्हीबी अडवते. साधा बल्ब फक्त ऊब देतो. यूव्हीबी नसेल तर ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही. मग बोटं थरथरतात, जबडा मऊ पडतो, पाय वाकतात. यूव्हीबी देणारी टी-५ची (बारीक ट्यूबलाइटचा प्रकार) लांब ट्यूब घ्या, रोज १२ तास लावा. ती पेटत असली तरी वर्षभरात बदलाच. उजेड राहतो, यूव्हीबी संपतं.

पेटीत त्याच्या शेकायच्या दगडावर ४० अंश, दुसऱ्या टोकाला २६-२८. थर्मामीटरनेच मोजा, हाताच्या अंदाजाने नको. साताऱ्याच्या थंडीत रात्री पेटीतला पारा १८च्या खाली जात असेल, तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर लावा. सांगलीच्या उन्हाळ्यात उलटं, गार कोपरा खरंच गार आहे ना ते बघा.

किडे दिवसातून दोन-तीनदा, कॅल्शियम पावडर लावून. किडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. सोबत बारीक चिरलेली जास्वंदीची पानं, किसलेला लाल भोपळा. पालक टाळा, तो कॅल्शियम बांधून ठेवतो.

नेहमीच्या चुका:
- खाली वाळू. पोटात जाऊन अडकते, कागद अंथरा.
- द्राक्षबागेतले नाकतोडे. फवारणीचं विष सोबत येतं.
- काजवा. एकसुद्धा जीव घेतो.

विष्ठेतला पांढरा भाग रोज बघा. तो पिवळट, खडूसारखा कडक झाला तर पाणी कमी पडतंय. तोंडाच्या टोकावर पाणी थेंब-थेंब सोडा, पिल्लू चाटेल.