होंडाची स्कूटर दहा वर्षं कुरकुरत नाही, मग फॉर्म्युला वनमध्ये होंडाचं इंजिन सारखं का बसायचं?

तुम्ही स्कूटरशी तुलना केलीय, पण होंडाची दोन रेसिंग इंजिनं शेजारीशेजारी ठेवली तर कोडं आणखी अवघड होतं.

२८ मे २०१७चा रविवार आठवा. फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर फर्नांडो अलोन्सो त्याच्या मॅकलॅरेन-होंडा टीमची मोनॅकोची शर्यत सोडून अमेरिकेत इंडी ५०० ही इंडीकार गाड्यांची मोठी शर्यत पळायला गेला होता. तिथेही इंजिन होंडाचंच. २७ लॅप तो सगळ्यांच्या पुढे होता. २०० पैकी २१ लॅप उरले असताना गाडीच्या मागून धूर निघाला. इथे ठाण्यात मध्यरात्र उलटून गेली होती. मुलगा म्हणाला, "बाबा, तिथेही बसलं!" आणि शर्यत जिंकली ताकुमा सातोने, अलोन्सोच्याच अँड्रेट्टी टीमकडून, होंडाच्याच इंजिनावर. एका रात्रीत एकाच कंपनीचं एक इंजिन जिंकलं, दुसरं जळलं. मग कंपनीला इंजिन बनवता येत नाही असं म्हणायचं की येतं?

माझ्या मते फॉर्म्युला वनमधल्या मॅकलॅरेनसोबतच्या तीन वर्षांत (२०१५ ते २०१७) इंजिन टेस्ट बेंचवर, म्हणजे गाडीबाहेर चाचणीच्या स्टँडवर, एक आणि गाडीत दुसरंच निघत होतं. हे मी ठामपणे म्हणतो, कारण माझा धंदाच तो आहे. वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी पंचवीस वर्षं ग्राइंडिंग मशीनचे स्पिंडल, म्हणजे वेगाने फिरणारे मुख्य दांडे, दुरुस्त करतोय. एकदा रबाळ्याच्या एका कारखान्याचा स्पिंडल आम्ही नवी बेअरिंगं घालून, बॅलन्स करून तीन तास ट्रायलला फिरवला. आवाज नाही, तापमान नाही, डायलची सुई जागची हलत नव्हती. त्यांच्या मशीनवर चढवला आणि अर्ध्या तासात जाम. आमच्या बेंचवर ना त्यांचा बेल्ट होता, ना त्यांच्या मशीनचा हादरा. शिव्या मात्र आम्हीच खाल्ल्या.

२०१७च्या सुरुवातीला बार्सिलोनाच्या चाचण्यांमध्ये होंडाचं नेमकं हेच झालं. पहिली भानगड ऑइल टँकची. बेंचवर जो टँक होता तो गाडीतल्या आकाराचा नव्हता. गाडी वळणात शिरली की तेल एका बाजूला सरकायचं आणि इंजिनाला पुरेसं पोचायचंच नाही. दुसरी भानगड हादऱ्याची. गिअरबॉक्स आणि टायर जोडले की असा कंप उठायचा, जो बेंचवर कधी दिसलाच नव्हता.

आता हे इंजिन साधं नव्हतं हेही खरं. इंडीकारला तेव्हा २.२ लिटरचं ट्विन टर्बो व्ही-६ असायचं, विजेची मोटर नाही, आणि प्रतिस्पर्धी एकच, शेवरोले. फॉर्म्युला वनचं १.६ लिटरचं व्ही-६, पण त्याच्यासोबत दोन मोटर-जनरेटर. त्यातला एक टर्बोच्याच (इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या) शाफ्टवर, मिनिटाला १,२५,००० फेऱ्यांपर्यंत. आमच्याकडे येणारा चांगला स्पिंडल चोवीस हजारांवर फिरतो आणि तेवढ्यालाही मी हात जोडतो.

त्यात होंडा आली उशिरा. बाकीच्यांनी २०१४पासून हे इंजिन पळवलं, होंडा २०१५ला उतरली. मॅकलॅरेनला गाडीचा मागचा भाग अगदी चिंचोळा हवा होता, म्हणून टर्बोचा काँप्रेसर, म्हणजे हवा दाबणारा भाग, इंजिनाच्या 'व्ही' आकाराच्या खोबणीत बसवला. तिथे मावेल इतकाच छोटा. त्यामुळे टर्बोवरचा जनरेटर पुरेशी वीज बनवेना आणि लांब सरळ रस्त्यावर गाडीचा दम संपायचा. सुझुका हा होंडाच्याच मालकीचा ट्रॅक. तिथे २०१५ला अलोन्सो रेडिओवर 'जीपी२ इंजिन' म्हणून ओरडला, म्हणजे खालच्या वर्गातलं इंजिन. मालकाच्या घरी जेवायला जाऊन आमटी पाण्यासारखी झालीय म्हणायचं! पण राग त्याचा खोटा नव्हता. त्याच वर्षी बेल्जियमला इंजिनाचे भाग बदलल्याबद्दल त्याला आणि त्याचा जोडीदार जेन्सन बटनला मिळून सुरुवातीच्या रांगेत, म्हणजे ग्रिडवर, १०५ जागा मागे जायची शिक्षा झाली होती, आणि तेव्हा ग्रिडवर जागाच होत्या वीस.

चूक कळली तरी दुरुस्त करता येत नव्हती, हे लोक विसरतात. इंजिनातल्या बदलांना तेव्हा टोकन, म्हणजे बदलाच्या परवानगीची कुपनं, लागायची आणि ती मोजकी असायची. मर्सिडीजची इंजिनं चार टीमच्या आठ गाड्यांत पळत होती, होंडाच्या दोनच गाड्या, म्हणजे चुकांतून शिकायची संधीही कमी. दोष मॅकलॅरेनचा की होंडाचा असं कुणी विचारलं तर मी दोघांना निम्मानिम्मा देईन. पण एवढ्याशा जागेत बसवतो म्हणून कबूल होंडानेच केलं होतं.

टोकनची पद्धत २०१७ला गेली, मांडणी बदलली आणि त्याच वर्षी मॅकलॅरेनशी काडीमोड ठरला. पुढे टोरो रोसो या टीमसोबत असताना त्या टर्बोच्या शाफ्टचं दुखणं सोडवायला होंडाने स्वतःच्याच विमान-इंजिन विभागातली माणसं आणली. हा भाग मला सगळ्यात आवडतो. विमानवाल्यांना वेगाने फिरणारे शाफ्ट म्हणजे रोजचं काम. २०१९ला ऑस्ट्रियात रेड बुल टीमचा वेर्स्टॅपेन होंडाच्या इंजिनावर जिंकला, २०२१ला विश्वविजेता झाला. होंडाच्या इंजिनावर त्याआधीचा विश्वविजेता १९९१चा आयर्टन सेना.

एवढ्यावर होंडा सुधारली असं समजू नका. २०२३ला रेड बुलने होंडाच्या इंजिनावर २२ पैकी २१ शर्यती जिंकल्या आणि त्याच वर्षी मोटोजीपीत, म्हणजे मोटरसायकलींच्या शर्यतींत, होंडा कंपन्यांच्या (कन्स्ट्रक्टर्सच्या) यादीत तळाला होती. विजय एकच, अमेरिकेत अलेक्स रिन्सचा. तिथलं दुखणं निराळं आहे. तिथे मागच्या चाकाची पकड, चासी (गाडीचा सांगाडा), वाऱ्याचा दाब हे सगळं युरोपी कंपन्यांनी, विशेषतः डुकाटीने, फार पुढे नेलं. २०२०ला स्पेनमधल्या हेरेझमध्ये होंडाचा रायडर मार्क मार्केझच्या दंडाचं हाड मोडेपर्यंत त्याच्या हातांनी ते झाकून ठेवलं होतं. ते मोडलं आणि त्या मोसमात होंडाला एकही शर्यत जिंकता आली नाही. २०२३ संपताना मार्केझही डुकाटीकडे गेला. २०२५ला फ्रान्समधल्या ल मान्समध्ये योहान झार्कोने होंडावर शर्यत जिंकली खरी, पण ती पावसातली. कोरड्या ट्रॅकवर जिंकतील तेव्हा बोलू.